पाणी वळवलं, साफ नाही केलं

इंदूरचं सांडपाणी आणणारी कान्ह नदी क्षिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थाआधी ते पाणी पाइपलाइनने घाटांच्या बाजूने काढून आपल्या भैरवगढच्या पुढे, कालियादेहजवळ सोडायची सोय झाली. घाट सुटले, पण खालच्या मासळीचं काय? शुद्धीकरण झालं नाही, तर घाण फक्त जागा बदलते.

मासळीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरला किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन. घाण कुजताना तोच खाते, आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की जाळं राहू द्या, वेळ आणि फोटोसह आम्हाला कळवा. ऑक्सिजन जागेवरच मोजावा लागतो, बाटली घरी नेऊन उपयोग नाही.