निघण्यापूर्वी मांजराची सोय

पुण्याहून परदेशी निघालेल्यांना तिकडे रुळलेली मराठी कुटुंबे कुकर, मसाले, जन्मदाखले यांच्या याद्या हौसेने देतात. रस्त्यावरून उचलून वाढवलेल्या मांजराचा विषय निघाला, की त्यांचे सांगणे एकच असते: व्हिसा हातात येईपर्यंत थांबू नका. हा सल्ला पटण्याजोगा आहे, कारण रेबीजचे वेळापत्रक कुणासाठी बदलत नाही. भारतातून ब्रिटनला किंवा युरोपीय संघातल्या देशात मांजर न्यायचे, तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून पुढे ३ महिने थांबणे, हा क्रम चुकवता येत नाही. लस आधी आणि चिप नंतर झाली, तर लस पुन्हा. ऑस्ट्रेलियाला तर भारतातून थेट मांजर नेताच येत नाही. कंपनी ‘दोन महिन्यांत रुजू व्हा’ म्हणते, तेव्हा हे गणित बसत नाही. म्हणून न्यायचे की पुण्यातच घर शोधायचे, हे सहा महिने आधी ठरवावे. आणि नेणे जमणार नसेल, तर ते सहाही महिने घर शोधण्यासाठी वापरावेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आई-बाबांकडे ठेवू. पण दीड-दोन वर्षांत तिकडे नातवंड होते आणि आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी विमानात बसतात. तेव्हा मांजर पुन्हा शेजाऱ्यांच्या दयेवर. दुसरा आक्षेप असा, की सोसायटीत खायला घालणारे आहेत, तिथेच सोडू. घरात वाढलेल्या मांजराला पार्किंगमधल्या बोक्यांशी झगडता येत नाही, शिवाय उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तिसरी पळवाट दिसायला सर्वांत भली: ‘त्यांच्याकडे खूप मांजरं आहेत, आणखी एक सहज सामावेल.’ फेब्रुवारी २०२५मध्ये हडपसरच्या एका सोसायटीतल्या एकाच सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे असल्याच्या तक्रारी आल्या आणि महापालिकेला ती हलवण्याची नोटीस द्यावी लागली. माया असली म्हणून जागा आणि हात वाढत नाहीत.

मोठे मांजर कोण घेणार, ही शंका मात्र रास्त आहे. लोकांना पिल्लू हवे असते. तरीही मोठ्या मांजराची एक जमेची बाजू असते: त्याचा स्वभाव आधीच माहीत असतो. नसबंदी झालेले, लस टोचलेले, कुत्र्याला घाबरते, मासे मिळाले नाहीत तर रुसते, हे सगळे जाहिरातीत खरे लिहावे. खोड्या लपवल्या तर मांजर आठवड्यात परत येते. घेणाऱ्याच्या घरी स्वतः जावे. गॅलरीला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी आहे का, घर भाड्याचे असेल तर मालकाला चालते का, हे पाहावे. असे प्रश्न विचारणे आपल्याकडे जरा आगाऊपणाचे वाटते, वाटू द्यावे. निघण्याच्या किमान महिनाभर आधी मांजर सोपवावे, कारण सुरुवातीचे काही दिवस ते पलंगाखालून बाहेरच येत नाही आणि ‘जेवत नाही हो’ असा फोन आला, तर तुम्ही पुण्यात असायला हवे. सोबत रोजचेच खाणे, त्याचा मातीचा ट्रे आणि न धुतलेली चादर द्यावी. चिप असेल, तर नोंदीतला मोबाईल क्रमांकही नव्या घराचा करून घ्यावा. तुमचे भारतातले सिम काही महिन्यांत बंद पडलेले असेल.