जुना व्हिडिओ गेम घेताय? आधी हिशेब बघा

छत्रपती संभाजीनगरात रविवारी जाफर गेटच्या बाजारात मिक्सर, इस्त्र्या आणि वायरींच्या गुंत्यात एखादा जुना व्हिडिओ गेम दिसला, की चाळिशीतला माणूस थबकतो. विकणारा ते बरोबर हेरतो. "ओरिजिनल पीस आहे साहेब, आता मिळत नाही." इथेच खिसा सांभाळायचा.

कारण आपल्याकडे ओरिजिनल जवळजवळ नव्हतंच. निंटेंडोने १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम आणला. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत पोहोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला: मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर. 'कॉन्ट्रा' आणि 'सुपर मारिओ' आपण नकली डब्यावर, नकली कॅसेटवरच संपवले आणि मजा काडीचीही कमी झाली नाही. तेव्हा पिवळ्या पडलेल्या नकलेला पुराणवस्तूचा भाव देऊ नका. अमेरिकेत जुलै २०२१मध्ये 'सुपर मारिओ ६४'ची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. ती घेणारा ती फोडून खेळणार नव्हता. तो बाजार वेगळा.

(पुढचे भाव अंदाजे आहेत, दुकान आणि हंगामाप्रमाणे ते हलतात.)

पहिला महिना एक रुपयाही खर्चू नका. जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एम्युलेटर, मोफत मिळतं. रेट्रोआर्क अँड्रॉइडवर आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. ॲपलने एप्रिल २०२४मध्ये परवानगी दिल्यापासून आयफोनवर डेल्टा नावाचा एम्युलेटर आहे. काचेवर बोटं घासून मारिओ नीट उडी मारत नाही, म्हणून पुढे वाटलंच तर ५०० ते ८०० रुपयांचा यूएसबी रिमोट घ्या. एम्युलेटर वापरणं हा गुन्हा नाही. प्रश्न खेळाच्या फायलीचा येतो. मारिओची फाइल कुठून तरी उतरवून घेणं हे कॉपीराइटचं उल्लंघनच, खेळ कितीही जुना असला तरी. मात्र फॅमिकॉमसाठी आजही नवे खेळ लिहिणारे हौशी लोक आहेत. 'नोव्हा द स्क्विरल' हा असाच एक खेळ, कायदेशीर आणि फुकट.

महिन्यानंतरही रात्री जेवण झाल्यावर हात रिमोटकडे जात असेल, तर डब्याचा विचार करा. नवा नकली डबा ७०० ते १,५०० रुपयांत येतो. खोक्यावर 'नव्याण्णव लाख गेम' लिहिलेलं असतं. त्यातले वेगवेगळे खेळ मोजायला बसलात तर काही डझनांवर जाणं कठीण; बाकी त्याच खेळांची वेगळ्या नावाने भरती. हातात मावणारा '४०० इन वन' ३०० ते ७०० रुपयांना मिळतो. त्यात बहुधा जुन्या नोकियाची बीएल-५सी बॅटरी असते. ती फुगली तर मोबाईलच्या दुकानात दुसरी मिळते, खेळणं फेकू नका. टीव्हीच्या मागे खोचायची 'फोर के' गेम स्टिक १,५०० ते २,५०० रुपये. फोर के हे नावापुरतं. चाळीस वर्षांपूर्वीचं चित्र ताणून मोठं केलं म्हणून बारीक होत नाही. तिचं मेमरी कार्ड हलकं निघण्याची शक्यता असते.

छुपा खर्च जोडणीत आहे. नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी वायर लावायला जागा नसेल, तर ३०० ते ६०० रुपयांचा कन्व्हर्टर लागतो. 'डक हंट'ची बंदूक मात्र एलईडी टीव्हीवर चालणारच नाही, कन्व्हर्टर लावूनही नाही. ती नळीच्या टीव्हीवरच्या चित्राची वेळ पकडून नेम ओळखते. म्हणजे बंदुकीसाठी डब्बा टीव्ही हवा. तो भंगारात स्वस्त मिळेल, पण आणायला रिक्षाभाडं आणि ठेवायला घरातल्यांची संमती लागेल. तो उघडून बघायला जाऊ नका. बंद केल्यावरही आत विजेचा जबर दाब उरलेला असतो.

जुना प्लेस्टेशन टू ३,००० ते ६,००० रुपयांत निघतो. घेताना दोन डिस्क चालवून बघा: एक निळ्या पाठीची, एक चंदेरी. पहिली सीडी, दुसरी डीव्हीडी. पुष्कळदा लेन्स एक वाचते आणि दुसरीला नकार देते. माझ्या गळ्यात असाच अर्धा आंधळा पीस पडला होता. पावती नव्हती, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं.

आता राहिली शोभेची खरेदी. निऑन दिवा, काचेचं कपाट, रांगेत मांडलेले रिमोट, त्यापुढे रील. शहरातल्याच कॅनॉट प्लेसच्या एखाद्या कॅफेत ती भिंत छान दिसते. घरी तिच्यावर धूळ बसते. शोभा हवी असेल तर बंद पडलेला डबा शंभर-दोनशेत उचला. चालणारा डबा कपाटात कोंडण्याची गरज नाही.

कॅसेट लागली नाही तर फुंकू नका. लहानपणीचा तो मंत्र चुकीचाच होता. थुंकीच्या ओलाव्याने कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

नव्या आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली असलीच पाहिजे. ती नसेल तर खोकं परत ठेवा. पावती घेऊनही दुकानदार हात वर करत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बाजारातल्या पथारीवर मात्र यातलं काहीच उपयोगी पडत नाही. तिथे 'टीव्हीला लावून दाखवा' एवढंच म्हणा, आणि विकणारा 'टीव्ही नाही' म्हणाला तर भंगाराच्या भावाने मागा.