हेल्मेट डोक्यावर, पट्टा हनुवटीखाली

गेल्या महिन्यात आरोग्य शिबिराहून परतताना आमच्यासमोर एक मोटारसायकल घसरली. चालवणाऱ्या तरुणाच्या डोक्यावर हेल्मेट होते, पण पट्टा लावलेला नव्हता. आधी हेल्मेट उडाले, मग डोके दुभाजकावर आदळले. आम्ही धावलो, नाडी पाहिली. रुग्णवाहिका येण्याआधीच ती थांबली.

आपण म्हणतो, "नाक्यापर्यंतच तर जायचंय." पण ताशी 40 किलोमीटर वेगाने डोके आदळणे म्हणजे सुमारे 20 फुटांवरून पडणे. वरून जखम दिसली नाही तरी आत रक्तस्राव होऊन मेंदूवर दाब येतो. म्हणून पडून उठलेला माणूस नंतर उलट्या करू लागला, गुंगीत गेला, तर ताबडतोब दवाखान्यात न्या.

हेल्मेट आयएसआय खुणेचे घ्या. पट्ट्याखाली दोन बोटे जातील एवढाच तो सैल ठेवा. जोरात आदळलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका. आतला थर्माकोल दबलेला असतो. मागे बसणाऱ्या बाईला आणि चार वर्षांवरील मुलालाही कायद्याने हेल्मेट लागते.

अपघात दिसला तर 108 ला फोन करा. जखमीचे हेल्मेट ओढू नका, मान हलवू नका, पाणी पाजू नका. वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा. पोलिसांच्या भीतीने मागे सरू नका. मोटार वाहन कायद्याचे कलम 134-ए मदत करणाऱ्याला संरक्षण देते.

मिळवता माणूस गेला की घर बसते, मुलांची शाळा सुटते. घरातून कोणी गाडी काढली की विचारा, "पट्टा लावला का?"