*गाडीचा काटा पडलाय? सेन्सर बदलायच्या आधी हे तपासा*



आज पिकाचा नाही, गाडीचा धडा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे दहा-बारा वर्षं जुनी व्हॅन आहे. इंजिन पुढच्या सीटखाली, ड्राइव्ह मागच्या चाकांना. वाटाणा, रोपांचे ट्रे, खताच्या गोण्या, वेळ पडली तर दवाखाना, सगळं तिच्यावरच. कंपनीचीही अशीच एक आहे. तिने या पावसाळ्यात आपल्याला चांगलाच धडा शिकवला. मेसेज जरा लांब आहे, सवडीने वाचा आणि जपून ठेवा.

*काय झालं होतं?*

वाटाण्याच्या १४ गोण्या घेऊन गाडी रात्री सासवडहून पुणे मार्केट यार्डला निघाली. वेग कमी करून क्लच दाबला की इंजिन बंद. स्टार्टर मारला की पुन्हा चालू. पुढच्या गतिरोधकाला परत तेच. दिवे घाट उतरायच्या आधीच ड्रायव्हर काकांनी गाडी बाजूला घेतली, हे फार शहाणपणाचं केलं. घाटात इंजिन बंद पडलं तर ब्रेक बूस्टरची मदत एक-दोन दाबातच संपते, मग पेडल दगडासारखं कडक होतं.

दुसरी गाडी येईपर्यंत पहाट झाली. माल उशिरा पोचला, भाव खाली आला. पाच सभासदांचं नुकसान.

पुढचे आठ दिवस आपण पार्ट बदलत बसलो. आधी रेस सांभाळणारा व्हॉल्व्ह, मग पेट्रोल पंपाची सफाई, शेवटी नवा स्पीड सेन्सर. तरी गाडी तशीच. मग मी सहज काकांना विचारलं, "काका, काटा चालतोय का?" ते म्हणाले, "ताई, काटा तर दोन आठवडे झाले पडलाय. गाडी चालतेय म्हणून बोललो नाही."

दोष निघाला एका वायरीत. गिअरबॉक्सच्या वर उंदराने कुरतडलेली. जुना सेन्सर ठणठणीत होता.

पान पिवळं दिसलं की आपण लगेच युरिया टाकतो, आणि खाली मुळाशी पाणी साचलेलं असतं. इथेही तेच झालं. *आधी लक्षण, मग तपासणी, पार्ट सगळ्यात शेवटी.*

*स्पीड सेन्सर करतो काय?*

गिअरबॉक्समधून मागच्या एक्सलकडे जाणारा शाफ्ट जितका जोरात फिरेल तितके जास्त ठोके हा सेन्सर वायरीतून पाठवतो. मीटर ते ठोके मोजून काटा हलवतो आणि किलोमीटर पुढे ढकलतो. इंजिनचा कॉम्प्युटरही तेच ठोके वाचतो. गाडी पळतेय की थांबायला आलीय, हे त्याला त्यातूनच कळतं. ठोके बंद झाले की थांबताना रेस किती धरायची याचा त्याचा अंदाज चुकतो.

म्हणून ही लक्षणं एकत्र दिसतात:
▪️ काटा पडलेला, किंवा थरथरतो
▪️ किलोमीटर पुढे सरकत नाहीत
▪️ चेक इंजिनचा पिवळा दिवा
▪️ थांबताना इंजिन बंद पडणं, रेस वरखाली होणं
▪️ काही गाड्यांत अ‍ॅव्हरेज घटतं

एकटं इंजिन बंद पडत असेल आणि काटा नीट चालत असेल, तर दोष बहुधा दुसरीकडे आहे. मग या सेन्सरच्या मागे लागू नका.

*पायरी १: सीटवर बसूनच निदान*

स्कॅनर लावता येत असेल तर लावा. पी-०५०० हा कोड म्हणजे वेगाच्या सिग्नलमध्ये गडबड. पण *हा कोड "सेन्सर बदला" असं सांगत नाही.* सिग्नल येत नाही, एवढंच सांगतो. आपण इथेच फसलो.

आता एकाने गाडी हळू चालवावी, दुसऱ्याने स्कॅनरवर वेग बघावा:
▪️ काटा बंद, पण स्कॅनरवर वेग दिसतो → सेन्सर चांगला. मीटर किंवा मीटरकडची वायर बघा.
▪️ काटा चालतो, स्कॅनरवर वेग शून्य → सेन्सर बहुधा चांगला. कॉम्प्युटरकडे जाणारी वायर बघा.
▪️ दोन्ही बंद → फ्यूज, सेन्सरची वायर, सेन्सरचं गिअर आणि मग सेन्सर, याच क्रमाने.

*पायरी २: सेन्सर सापडवा*

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, सायलेन्सरचा पाइप जवळच असतो. गाडी सपाट जागेवर घ्या. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथून लांब शाफ्ट बाहेर पडतो, तिथे बाजूला बघा. अंगठ्याएवढा काळा प्लॅस्टिकचा तुकडा, बहुतेक एकाच छोट्या बोल्टने धरलेला, वर दोन किंवा तीन वायरींचं कपलर. तोच तो.

⚠️ जवळच रिव्हर्स लाइटचा स्विचही असतो. तो पान्याने आट्यात बसवलेला असतो आणि त्याला दोन वायरी असतात. शंका आली तर चावी ऑन करा, रिव्हर्स गिअर टाका आणि कपलर काढा. मागचा पांढरा दिवा विझला तर तो रिव्हर्सचा स्विच आहे.

अजून जुन्या गाडीत तिथून जाड काळी केबल थेट मीटरपर्यंत जाते. अशा काही गाड्यांत सेन्सर मीटरच्या आतच असतो. तिथे काटा पडला तर आधी केबल तुटली का बघा. केबल मीटरकडून सोडवा आणि चाक फिरवा. आतली तार फिरली नाही, तर केबल किंवा गिअरबॉक्सकडचं छोटं गिअर गेलंय.

नव्या, एबीएस असलेल्या बऱ्याच गाड्यांत वेग चाकांच्या सेन्सरवरून घेतात. तिथे गिअरबॉक्सवर काही सापडलं नाही तर गोंधळू नका.

*पायरी ३: डोळ्यांनी तपासणी*

▪️ फ्यूज उडालाय का? मीटरचा फ्यूज आधी बघा.
▪️ कपलर काढून आत बघा. हिरवट गंज, चिखल, ऑइल? साफ करून, सुकवून पुन्हा घट्ट बसवा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं.
▪️ वायर हाताने चाचपत वरपर्यंत जा. उंदीर, सायलेन्सरची धग आणि पत्र्याची धार, हे तीन शत्रू. गोदामात धान्याशेजारी गाडी लावत असाल तर उंदरावर पहिला संशय घ्या.

*पायरी ४: मल्टिमीटर*

तीन वायरींचा सेन्सर असेल तर एक वायर करंटची, एक अर्थची, एक सिग्नलची. कपलर काढा, चावी ऑन, इंजिन बंद. गाडीकडच्या कपलरमध्ये करंट आणि अर्थच्या पिनांवर मोजा. बऱ्याच गाड्यांत बॅटरीएवढे, म्हणजे १२ व्होल्टच्या आसपास, काहींत ५ व्होल्ट येतात. *काहीच आलं नाही तर सेन्सर निर्दोष आहे, वायर शोधा.* आपल्या गाडीत इथे शून्य होतं. ही तपासणी पहिल्या दिवशी केली असती तर तीनही खर्च वाचले असते.

करंट येत असेल तर कपलर परत लावा आणि सिग्नलच्या वायरीवर मागून मीटरची सुई टेकवा. आता शाफ्ट फिरवायचा आहे:

1️⃣ पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि तो सोडावा लागतो, म्हणून ठोकळ्यांशिवाय हे करूच नका.
2️⃣ मागचं एक चाक जॅकने उचला आणि खाली पक्का स्टँड द्या. फक्त जॅकवर गाडी ठेवून कोणीही खाली शिरायचं नाही.
3️⃣ गिअर न्यूट्रल, चावी ऑन, इंजिन बंद. उचललेलं चाक हाताने हळू फिरवा. मीटर बाहेर ठेवून वाचा.

व्होल्ट शून्याजवळून वर आणि परत खाली असे उड्या मारत असतील तर सेन्सर चांगला. आकडा एकाच जागी बसून असेल तर सेन्सर काढून बघा.

दोन वायरींचा सेन्सर वेगळा असतो, त्याला बाहेरून करंट लागत नाही. तो फिरण्यावर स्वतःच थोडा एसी व्होल्टेज तयार करतो. तो गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्या.

*पायरी ५: सेन्सर काढताना*

आधी भोवतीचा चिखल पुसा, नाहीतर तो गिअरबॉक्समध्ये जाईल. थोडं ऑइल बाहेर येऊ शकतं. सेन्सरच्या टोकाला प्लॅस्टिकचं छोटं गिअर असेल तर दात बघा. दात झिजलेले असतील तर फक्त गिअर मिळतं का ते विचारा. गिअर चांगलं असेल तर कपलर जोडून, चावी ऑन ठेवून ते बोटाने फिरवा. सिग्नल तरीही हलला नाही, तर आता सेन्सर बदला. नव्या गिअरचे दात जुन्याइतकेच असावेत, नाहीतर काटा खोटा वेग दाखवेल. ओ-रिंग नवी टाका.

वायर जोडायची असेल तर नुसता पीळ देऊन टेप नको. सोल्डर करा, वर स्लीव्ह चढवा आणि सायलेन्सरपासून लांब बांधा. शेवटी कोड काढून गाडी चालवून बघा.

*आणि हिशेबाचं*

काटा बंद होता त्या दोन आठवड्यांत आपल्या वहीत किलोमीटर अंदाजाने लिहिले गेले. भाडं किलोमीटरवर वाटलं जातं, त्यामुळे दोन सभासदांत बोलाचाली झाली. चूक कोणाचीच नव्हती, मीटर मुका होता. इथून पुढे मीटर बंद पडलं तर त्याच दिवशी ऑफिसला कळवायचं आणि दुरुस्त होईपर्यंत मोबाइलच्या नकाशावरचं अंतर वहीत लिहायचं. इंजिन ऑइलही तोवर किलोमीटरवर नाही, तारखेवर बदला.

थांबताना इंजिन बंद पडणारी गाडी घेऊन घाटात जाऊ नका. माल दुसऱ्या गाडीत टाका. भाव पुढच्या तोड्याला परत मिळेल.

मी कृषी पदविका झालेली आहे, मेकॅनिक नाही. हे सगळं आपल्याच गाडीखाली वाकून शिकले. कोणाच्या गाडीचा काटा पडला असेल तर सेन्सरचा आणि कपलरचा फोटो याच मेसेजला रिप्लाय करून पाठवा, गाडी किती साली घेतली तेही लिहा. कंपनीचा मल्टिमीटर ऑफिसमध्ये ठेवलाय. सही करून न्या, संध्याकाळी परत आणा.

आणि आज गाडीत बसाल तेव्हा एकदा काट्याकडे बघा. 🙏

आपली,
कृषी सल्लागार