पाठदुखीवर लेसर : केव्हा घेऊ नये?



उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, रात्री-बेरात्री वाकून दारे धरायचे, खड्ड्यांतून ट्रॅक्टर हाकायचा. मग पाठ धरणारच. निर्यातीची साखर न्हावा-शेवा बंदराकडे नेणाऱ्या ट्रकवाल्यांना वाटेवरची जासई ठाऊक आहे. त्या पट्ट्यातल्या गोदामांत ५० किलोची पोती उचलणाऱ्या हमालांचे आणि आपल्या तोडणी-मजुरांचे दुखणे एकच. आणि 'लेसरने पाठ बरी' ही जाहिरातही दोघांना सारखीच भुरळ घालते. म्हणून हा पाठ.

लेसर दोन तऱ्हेचा. एक वरून कातडीवर देतात. दुखणे थोडे हलके व्हावे, एवढाच त्याचा हेतू. दुसरा सुईतून मणक्यांमधल्या गादीत सोडतात. हा प्रयोग १९८६ साली ऑस्ट्रियात प्रथम झाला. गादीतला थोडा गर जाळला की आतला दाब उतरतो. ट्यूबला फुगा आला तर थोडी हवा सोडून फुगा बसेल. पण ट्यूब फुटलीच असेल तर हवा सोडून काय उपयोग? तसेच हे.

पुढील बाबतीत लेसरच्या मागे लागू नये :

१. लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. इथे तासांचा हिशेब असतो.

२. पायातली ताकद दिवसागणिक कमी होते, चप्पल निसटली तरी कळत नाही. शीर दबल्याची ही खूण. तज्ज्ञाला लगेच दाखवा.

३. संध्याकाळी ताप, वजनात घट, रात्री पडल्यापडल्याही ठणका. हा मणक्याचा क्षय किंवा गाठ असू शकते. क्षय लेसरने जात नाही. महिनोन्‌महिने औषधे घ्यावी लागतात, ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. कर्करोगाच्या गाठीवर तर लेसर देऊच नये.

४. पडल्यावर, किंवा म्हाताऱ्या माणसाला साध्या धक्क्यानेही, पाठ धरली तर आधी एक्स-रे.

५. गादीचा तुकडा सुटून पडला, मणका सरकला किंवा हाड वाढून नळी अरुंद झाली, तर सुईच्या लेसरचा इलाज नव्हे.

६. गरोदर बाईच्या पोटा-कंबरेवर लेसर नको. उन्हाची ॲलर्जी आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. यंत्र चालू असताना डोळ्यांना चष्मा हवाच.

या खुणा नसतील तर घाबरू नका. गादी सरकल्याचे बहुतेक दुखणे दीड-दोन महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून उतरते. अंथरूण धरू नका, झेपेल तेवढे चाला. जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली व्यायाम आणि समजावून सांगणे यांवर भर दिला. पट्टे आणि वजनाची ओढ सरसकट नको म्हटले.

उसाचे बिल हाती आले म्हणजे यंत्राचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारा : रोग नेमका कोणता, लेसर त्यावर चालतो का, आणि थांबलो तर काय बिघडेल? सरळ उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यात संकोच कसला?