घाटावर भाड्याचं घर मिळेल का?

प्रश्न : राज्य शासनाच्या नोकरीत आहे. साताऱ्याहून बुलढाण्याला बदली झाली आहे. विदर्भात आजवर पाऊल टाकलेलं नाही. शहराची लोकसंख्या पाहिली, तर ६७ हजार. एवढ्या लहान गावात भाड्याची घरं असतात तरी का? जनगणनेत भाड्याच्या घरांचीही मोजदाद होते असं ऐकलं. ती पाहून काही अंदाज बांधता येईल का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : असतात, आणि तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. तुम्ही पाहिलेला ६७,४३१ हा आकडा २०११ च्या जनगणनेचा आहे आणि तो फक्त नगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांचा आहे. २००१ मध्ये तिथे ६३ हजारांच्या आसपास लोक होते. म्हणजे दहा वर्षांत जेमतेम सात टक्के वाढ. त्याच दहा वर्षांत अख्खा जिल्हा जवळपास सोळा टक्क्यांनी वाढून २५,८६,२५८ वर गेला. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, जिल्हा न्यायालय, जिल्हा रुग्णालय असलेलं गाव खेड्यांपेक्षाही हळू वाढतं, हे सहजी पटत नाही. माझ्या मते याचं मोठं कारण एकच आहे : शहर वाढलं, पण नगरपालिकेची रेघ ओलांडून. सुंदरखेड आणि सागवन या ग्रामपंचायती शहराला अगदी खेटून आहेत. रस्त्याने जाणाऱ्याला बुलढाणा कुठे संपलं आणि सुंदरखेड कुठे लागलं ते कळतही नाही. जनगणनेच्या कागदावर मात्र रेघेपलीकडचा माणूस शहराचा धरला जात नाही.

घर शोधणाऱ्याला ही रेघ रोजच्या जगण्यात भेटते. पलीकडच्या लेआऊटमध्ये प्लॉट मोठे, घरं नवी, पुढे गाडी लावायला जागा. पण नळ, नाली, रस्त्यावरचे दिवे आणि कचऱ्याची गाडी हा सगळा कारभार ग्रामपंचायतीचा. म्हणून कुणी घर दाखवलं, की भाडं विचारण्याआधी ‘हे नगरपालिकेत येतं की ग्रामपंचायतीत?’ एवढं विचारून घ्या. पाण्याचा अर्धा उलगडा तिथेच होतो.

आता जनगणनेकडे वळू. लोकसंख्या मोजण्याच्या आधी घरयादीचा वेगळा टप्पा असतो. २०११ च्या जनगणनेची घरयादी २०१० मध्येच झाली. त्यात भिंत कशाची, छप्पर कशाचं, खोल्या किती, घर चांगलं की मोडकळीला आलेलं, पाणी घरात येतं की आवाराबाहेरून आणावं लागतं, संडास, न्हाणीघर, स्वयंपाकघर आहे का, असं सगळं विचारलं गेलं. त्यातच घर मालकीचं, भाड्याचं की अन्य, हाही रकाना होता. देशभराचा निकाल असा : शहरी कुटुंबांपैकी २७.५ टक्के भाड्याने राहणारी, तर ग्रामीण भागात फक्त ३.४ टक्के. खेड्यात भाड्याचं घर मिळणं का जड जातं, हे या दुसऱ्या आकड्यात दिसतं. बुलढाणा जिल्ह्यात शहरी वस्ती साधारण पाचवा हिस्सा आहे. तेव्हा भाड्याच्या घरांचा शोध बहुतेक वेळा तालुक्याच्या गावांपुरताच राहतो.

तुमच्यासाठी खरा कामाचा तक्ता निराळाच आहे. जनगणनेच्या संकेतस्थळावर घरयादीचे तक्ते नुसते जिल्ह्याचे नाहीत, गाव आणि शहरातल्या वॉर्डनिहायही आहेत. एका वॉर्डाची एकच आडवी ओळ असते. तीत डावीकडून उजवीकडे सरकत गेलात, की त्या वॉर्डात शंभरातली किती कुटुंबं भाड्याने राहतात, किती जणांचं पाणी घरातच येतं, किती जण एका खोलीत राहतात, हे दिसतं. भाड्याचं प्रमाण जास्त, घरात नळाचं प्रमाणही जास्त आणि दोन-तीन खोल्यांची घरं बरीच, असा वॉर्ड हेरा आणि त्याच भागात आधी फिरा. आकडे जुने आहेत हे खरं, पण भाड्याने देण्याची रीत असलेला मोहल्ला सहसा ती सोडत नाही. वरच्या मजल्याला वेगळा जिना, वेगळं मीटर अशी बांधणी त्या भागातल्या घरांनी एकदा केली, की पुढची पिढीही तो मजला भाड्यानेच देते.

एका रकान्यापासून मात्र जपा. तो म्हणजे रिकाम्या घरांचा. २०११ मध्ये देशात जवळपास अडीच कोटी घरं रिकामी नोंदली गेली. म्हणून काही ती भाड्याने मिळणारी नव्हती. मालक पुण्या-मुंबईला नोकरीला, भावांत वाटणी झालेली नाही, मुलाच्या लग्नासाठी मजला राखून ठेवलेला, असली कुलपं लहान गावात फार. ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी नसलेलं घर मिळतं, पण ते ओळखीतून. कचेरीतल्या शिपायाला, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला आणि तिथून ज्याची बदली झाली त्या माणसाला आधी गाठा. बदली झालेल्याचं सुटलेलं घर हा लहान गावात घर मिळण्याचा सगळ्यात सरळ रस्ता आहे.

यात वेळेला महत्त्व आहे. राज्याच्या २००५ च्या बदली कायद्यानुसार सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात आणि एका जागी मुदत साधारण तीन वर्षांची. त्यामुळे बुलढाण्यासारख्या कचेऱ्यांच्या गावात मे-जूनमध्ये घरं एकदम सुटतात आणि तितक्याच झपाट्याने भरतात. मुलं शाळेत असतील तर हेही ध्यानात असू द्या, की विदर्भातल्या शाळा उन्हामुळे तुमच्याकडच्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरच्या आठवड्यात सुरू होतात. मेच्या शेवटी येऊन घर ठरवलंत, तर बिऱ्हाड हलवायला सवड उरते. शिवाय २०२४ पासून बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. शंभर विद्यार्थी दरवर्षी, वर शिकवणारे डॉक्टर आणि इतर कर्मचारी. ही मागणी २०११ च्या कुठल्याच तक्त्यात नाही, ती तुम्हाला तिथे जाऊनच जाणवेल.

आता हवा-पाणी. बुलढाणा जिल्ह्यात माणूस ओळख सांगताना ‘आम्ही घाटावरचे’ किंवा ‘घाटाखालचे’ असं सांगतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. राजूर घाट उतरून मलकापूरकडे गेलात, की तीनशे मीटरच्या आत येता आणि उन्हाळ्यात हवेतला बदल अंगाला कळतो. इंग्रजांनी जिल्ह्याचं ठिकाण वर ठेवलं, त्यामागे ही थंड हवा होती. पण रेल्वे खालूनच गेली. बुलढाण्याला आजही रेल्वे नाही. साताऱ्याला जायला मलकापूर गाठा, साधारण पंचेचाळीस किलोमीटर, नाहीतर एसटी आहेच. जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं शहरही बुलढाणा नव्हे. तो मान खामगावचा. कापसाच्या बाजारपेठेसाठी तिथे १८७० सालीच जलंबहून रेल्वेचा फाटा आला होता. २०११ मध्ये खामगावची लोकसंख्या ९४ हजार होती. पत्नीची किंवा पतीची नोकरी घाटाखाली असेल आणि मध्येच कुठे राहायचं ठरवत असाल, तर रोज घाट चढण्या-उतरण्याचा हिशेब आधी मांडा.

बुलढाणा शहराला पाणी पैनगंगेवरच्या येळगाव धरणातून येतं. घर पाहायला जाल तेव्हा सकाळचीच वेळ धरा आणि अंगणातला नळ स्वतः पाहा. कित्येक घरांत नळाची तोटी जमिनीच्या खाली, दोन-तीन फूट खोल खड्ड्यात बसवलेली दिसेल. दाब कमी असला की पाणी वर चढत नाही, म्हणून लोक खड्डा खणून तोटी खाली नेतात. असा खड्डा दिसला, की समजा त्या गल्लीत पाणी बारीक येतं. त्याला टिल्लू पंप लावलेला असेल, तर पंप कुणाचा, वीज कुणाच्या मीटरवर, हे विचारा. नळ किती दिवसांआड येतो ते मालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा. मग हौद किती मोठा, त्यातला भाडेकरूचा वाटा किती, वरची टाकी वेगळी आहे का, बोअरला मेमध्ये पाणी राहतं का, हे सगळं ओघाने कळतं. चार दिवसांआड नळ येणाऱ्या गल्लीतही मोठा हौद असलेलं घर सुखाचं असतं. रोज नळ असून साठवायला जागा नसेल, तर पहिल्याच उन्हाळ्यात हाल होतात.

करार तोंडी करू नका. ‘आपलीच माणसं आहात, कागद कशाला’ असं प्रेमाने सांगितलं जाईल. सांगणाऱ्याचं मन चांगलं असतं, तरीही कागद करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि पुढे वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोडून काढायचं काम मालकाचं. म्हणजे कागद मालकाच्याही हिताचा. खर्चाचं भय नको. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. समजा, भाडं सहा हजार आणि मुदत अकरा महिने, तर ६६ हजार. वीस हजार डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेले दोन हजार त्यात मिळवा. ६८ हजारांचा पाव टक्का म्हणजे १७० रुपये. नोंदणी फी आणि करून देणाऱ्याचे पैसे वेगळे. भाड्याची पावती मागायला संकोच करू नका. घरभाडे भत्त्यासाठीही ती लागेल.

प्रश्न : मुलाला शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. रोज हजारो भाविक येणाऱ्या गावात त्याला खोली मिळेल का? आणि हे भाविक शेगावच्या लोकसंख्येत मोजले जातात का?
(एक वाचक, परभणी)

उत्तर : नाही. आताची जनगणना तिथे नेहमी राहणाऱ्याला मोजते, दर्शनाला आलेल्याला नव्हे. २०११ मधली शेगावची ५९,६७२ ही संख्या राहत्या माणसांची आहे. गंमत अशी, की २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली आणि गजानन महाराजांचा प्रकटदिन, माघ वद्य सप्तमी, नेमका त्याच दिवसांत आला. गाव माणसांनी फुललेलं, आणि प्रगणक दारोदार फिरून फक्त घरच्यांची नावं लिहून घेताहेत! २०२७ च्या जनगणनेतही प्रकटदिन फेब्रुवारीच्या अखेरीस, मोजणीच्या दिवसांतच येतो आहे. तुमचा मुलगा मात्र तिथे वर्षभर राहणार, म्हणून तो शेगावचा मोजला जाईल, वसतिगृहात असो की खोलीवर.

खोलीचं म्हणाल, तर महाविद्यालय १९८३ पासून आहे आणि विद्यार्थ्यांना खोल्या देण्याची सवय गावाला चांगली आहे. मंदिराच्या जवळपास खोली बघू नका. तिथली खोली रोजच्या मुक्कामाला जाते, महिन्याच्या भाड्याने ती द्यायला मालक राजी नसतो, आणि उत्सवात अभ्यासही होत नाही. आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगते : पिण्याचं पाणी कोणतं, हे विचारल्याशिवाय खोली ठरवू नका. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा भाग खारपाणपट्टा आहे. बोअरचं पाणी चवीलाच खारट लागतं, आणि या पट्ट्यातल्या गावांनी मूत्रपिंडाचे आजार फार सोसले आहेत. बोअर फक्त धुण्या-भांड्याला. पिण्याला नळाचं किंवा शुद्ध केलेलं पाणी आवारातच मिळायला हवं. शिवाय जमीन काळी कसदार, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या गेलेल्या भेगा दिसल्या, तर पावसाळ्यात भिंत झिरपेल का ते विचारा.

प्रश्न : आम्ही चिखलीत भाड्याने राहतो. जनगणनेचे लोक आले तर भाडेकरू आहोत असं सांगू नका, असं घरमालक म्हणतात. काय करावं?
(एक वाचक, चिखली)

उत्तर : खरं ते सांगा. घरमालकांना घरपट्टी वाढेल अशी धास्ती असते, ती समजण्यासारखी आहे, पण तिला आधार नाही. जनगणना कायदा, १९४८ च्या कलम १५ नुसार तुमची माहिती गोपनीय राहते. ती कुणाला पाहायला मिळत नाही आणि पुरावा म्हणूनही चालत नाही. नगरपालिकेच्या घरपट्टीच्या वहीचा त्या नोंदीशी संबंध नाही. हे कलम घरमालकांना वाचून दाखवा.

२०२७ च्या जनगणनेत घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ ठरला आहे, तर लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, संदर्भतारीख १ मार्च २०२७. एका छपराखाली दोन चुली असतील तर कुटुंबंही दोन धरली जातात. म्हणून तुमची चूल वेगळी असेल, तर मालकाच्या कुटुंबात आपलं नाव घालू देऊ नका. ‘घर भाड्याचं, कुटुंब वेगळं’ असं स्पष्ट लिहून घ्या. या वेळी माहिती स्वतः ऑनलाइन भरण्याचीही सोय आहे, मालकासमोर बोलायला अवघड वाटत असेल तर तिचा उपयोग करा. तुम्ही भाडेकरू म्हणून नोंदला गेला नाहीत, तर चिखलीत भाड्याच्या घरांची गरज आहे हेच कागदावर येणार नाही.