रेस वाढवली म्हणजे रोग गेला नाही

गाडी स्लोला थरथरते, रेल्वे गेटवर बंद पडते आणि रेस दिली की शहाण्यासारखी चालते, ही तक्रार घेऊन बिदर, भालकी, हुमनाबाद, आळंद, कुठल्याही गॅरेजात गेलं तरी हात बहुधा एकाच ठिकाणी जातो. थ्रॉटलचा स्क्रू अर्धा फेरा आत, आणि वर दखनी ग्वाही: ‘रेस बढा दिया, अब बंद नै पडती.’ ही ग्वाही फुकट मिळत नाही. तिचे पैसे मोजूनच हे लिहितो आहे, पण माझी रडकथा ऐकून कुणाची गाडी सुधारणार नाही, म्हणून ती बाजूला ठेवतो. माझं म्हणणं एवढंच, की त्या स्क्रूला सगळ्यांत शेवटी हात लावायचा असतो. आधी लावला तर रोग झाकला जातो आणि तो ओळखायची खूणही पुसली जाते.

मारुती 800 चंच इंजिन घ्या. गाडी 1983 ला आली, 2014 ला तिचं उत्पादन थांबलं, पण तिचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, आणि ओम्नीतलं तेच, आपल्या सीमाभागात अजून रोज राबतं. स्लोला थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम जोरात असतं आणि इंजिनात जाणारी हवा अगदी मोजकी. अशा वेळी एखाद्या चिरलेल्या रबरी पाइपातून चोरून शिरणारी हवाही त्यात मोठा वाटा उचलते आणि मिश्रण फिकं पडतं. रेस दिली की हवेचा लोंढा येतो, त्यात ती गळती कुठे हरवते कळतही नाही. म्हणजे ‘रेसवर बरी चालते’ हे गाडीच्या तब्येतीचं प्रशस्तिपत्र नव्हे, तो गळतीचा पुरावा असू शकतो. आता स्क्रू फिरवून चकती कायमची उघडी ठेवली की पेट्रोल स्लोच्या छिद्रातून कमी आणि वरच्या छिद्रांतून जास्त यायला लागतं. मिश्रणाचा स्क्रू हळूच पूर्ण आत घालून पाहा. निरोगी कार्बोरेटरवर इंजिन अडखळलंच पाहिजे, बंदही पडेल. स्क्रू आत गेला तरी इंजिनाला त्याचं काहीच नसेल, तर एक तर पायलट जेट तुंबलेला आहे, नाही तर कुणीतरी रेस वाढवून ठेवली आहे. चावी बंद केल्यावरही इंजिन दोनचार आचके देत असेल, तर रेस वाढवल्याचाच संशय बळावतो. मालकाचे डोळे उघडतात ते इथे, आणि तोवर बिल दिलेलं असतं.

मग पाहायचं कुठे? आधी तीनपैकी कोणता सिलिंडर काम करत नाही ते. इन्सुलेटेड पकडीने एकेक प्लगची वायर क्षणभर काढावी. जी काढल्यावर आवाज बदलत नाही, तिथे मिसिंग. (इंजेक्शनच्या गाडीत हे करू नये, उघड्या ठिणगीने कॉइल जाते.) तिन्ही सारखे असतील तर मॅनिफोल्डची पॅकिंग, पीसीव्हीचा पाइप आणि असेल तर ब्रेक बूस्टरचा पाइप. सांध्यांवर पाण्याची बारीक फवारणी करावी, प्लगच्या वायरी वाचवून. आवाज बदलला तर गळती सापडली. पेट्रोल शिंपडून बघणारे बहाद्दर आहेत. त्यांच्या गॅरेजात आपली गाडी उभी करू नये. त्यानंतर टॅपेट, मग कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशन कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह. एअर फिल्टर मात्र उगाच शिव्या खातो. बिदरच्या लाल धुळीने तो भरतो हे खरं, पण स्लोला हवाच थोडी लागते, त्यामुळे तुंबलेला फिल्टर आधी चढावर कळतो.

एक पुरावा तर आपल्या डॅशबोर्डच्या खणातच पडून असतो, पीयूसीची पावती. जुन्या पेट्रोल गाडीची ही चाचणी स्लोवरच होते. सीओचा आकडा चढा असेल तर पेट्रोल जास्त जळतंय: चोक अडकला असेल, फ्लोटची पातळी चुकली असेल. सीओ कमी आणि एचसी भरमसाठ असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय: ठिणगी किंवा हवेची गळती. अट एकच, नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातलेली असावी. न घालताच पावती कशी मिळते, ते वाचकांना मी सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप येतो तो वयाचा. जुनी गाडी, अशीच चालणार. पण वय हा रोग नव्हे. वयाने रबर चिरतं, पॅकिंग दबते, व्हॉल्व्ह बसतात, आणि यातलं प्रत्येक वेगळं ओळखता येतं. दुसरा आक्षेप पेट्रोलचा. इथेनॉलला दोष देणं सोपं आहे, फक्त आपण उसाच्या जिल्ह्यात राहतो, तेव्हा बोलताना जरा जपून. त्यात तथ्य आहेच: वीस टक्के मिश्रणाने जुन्या जेटवर मिश्रण फिकं होतं आणि जुनं रबर फुगतं. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज 6 ते 7 टक्के घटण्याचा अंदाज होता. पण पेट्रोल तिन्ही सिलिंडरना सारखंच जातं. एकच सिलिंडर मेला असेल तर पंपाशी भांडण्यात अर्थ नाही. महिनोन्‌महिने गॅसवर पळवलेली ओम्नी पेट्रोलवर स्लो धरत नाही, तेव्हाही दोष पंपाचा नसतो. वापराविना सुकलेल्या पेट्रोलचा डिंक पायलट जेटमध्ये बसलेला असतो.

तिसरा आक्षेप, आता स्कॅनर आहेत, हे सगळं कशाला? कार्बोरेटरला स्कॅनर कुठे जोडणार? आणि ज्या इंजेक्शन गाड्या व्हॅक्यूमच्या दाबावरून हवा मोजतात, त्यांत तीच गळती उलटी वागते. गाडी बंद पडत नाही, स्लोच चढतो किंवा वरखाली होतो. तिथेही आधी थ्रॉटल बॉडीतली काजळी आणि पाइप बघावेत, कारखान्यात बसवलेल्या स्क्रूला हात लावू देऊ नये.

मिस्त्रीला वेळ नसतो, हे मात्र मान्य. म्हणून निदान एवढं आपण करावं: मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे होतात ते मोजून, तो परत तितकाच सोडून, आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहावा. गाडी परत घेताना फेरे पुन्हा मोजावेत. जुळले नाहीत तर का बदलले, ते बिल देण्याआधी विचारावं, नंतर नव्हे.